घरच्यांसाठी लिनक्सची निवड : पंचवटीतल्या लॅपटॉपची नोंद

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि वडिलांच्या लॅपटॉपमधील सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, म्हणून पंचवटीतल्या घरासाठी लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या) अनेक प्रकारांपैकी एक निवडण्याचे काम हाती घेतले. कसोटी एकच ठेवली : आई-वडिलांना आज जे बटण जिथे दिसते, ते पुढील काही वर्षे तिथेच दिसले पाहिजे.

मी स्वतः वापरतो ते आर्च लिनक्स त्यामुळे पहिल्याच फेरीत बाद झाले, कारण त्यात अपडेटपूर्वी सूचना वाचण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर असते आणि ती त्यांच्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. फेडोरा या दुसऱ्या प्रकाराची आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, तेही पुरेसे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला दीर्घकालीन सपोर्ट धरून पाच वर्षे मिळतात आणि सर्व्हरसाठी मी डोळे झाकून तेच घेईन. तरीही इथे लिनक्स मिंट २२ बसवले. उबंटू २४.०४ या लिनक्सच्याच प्रकारावर आधारलेले असल्याने त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. शिवाय टाइमशिफ्ट (सिस्टीमच्या स्थितीच्या प्रती जपणारे साधन) त्यात आधीपासूनच असते आणि काही बिघडले तर सिस्टीम कालच्या स्थितीत परत नेता येते. मात्र टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर (वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फायली) जपत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नातवंडांचे फोटो आणि सातबाऱ्याच्या पीडीएफ यांसाठी बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगळा बॅकअप लावला आहे.

सर्वाधिक वेळ मराठी टंकलेखनाने घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. वडिलांनी नोकरीत इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर) हात बसवलेला आहे; इंग्रजी ‘के’ दाबल्यावर ‘क’ आणि ‘डी’ दाबल्यावर हलंत आला नाही, तर बाकीची सिस्टीम कितीही चांगली असली तरी त्यांच्या उपयोगाची नाही. कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडला, इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एकच शॉर्टकट ठेवला आणि त्यांनी सोसायटीच्या सभेची सूचना लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरांसह, न अडखळता लिहिली.

अपडेट मॅनेजरमध्ये स्वयंचलित अपडेट सुरू केले असून त्यांच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार दिलेले नाहीत. आता इंदिरानगरला आत्याच्या संगणकावर हीच मांडणी करायची आहे. तिथे आधी तिचा जुना प्रिंटर लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सवर) चालतो का, ते तपासेन आणि मगच डिस्कला हात लावेन.