तहदीगचा तळ, हमसचा सोडा

शनिवार, रात्र

दुसऱ्या देशातला पदार्थ घरी करायचा म्हटलं की आधी साहित्याची शोधाशोध सुरू होते. पण कुठल्याही घरगुती पदार्थात एखादाच टप्पा असा असतो की त्यावर सगळं तोललेलं असतं. तो का करायचा हे कळलं की साध्या साहित्यातही पदार्थ जमतो आणि तो चुकला तर महागाचं केशरही वाया जातं. मनापासून आवडलेल्या काही पदार्थांचे असे टप्पे आज इथे टिपून ठेवायचे आहेत.

पहिला मान इराणच्या तहदीगचा. तहदीग म्हणजे भाताच्या पातेल्याच्या तळाशी जमणारा सोनेरी, कुरकुरीत थर. लांब दाण्याचे 400 ग्रॅम तांदूळ पाणी निवळ होईपर्यंत धुवायचे आणि मिठाच्या पाण्यात तासभर भिजवायचे. मग अडीच-तीन लिटर खळखळत्या पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून तांदूळ 5 ते 6 मिनिटंच उकळायचे. इथे घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. शीत दाबून बघायचं: बाहेरून मऊ, पण मधे बारीक कणी लागली पाहिजे. कणी गेली असेल तर पुढच्या वाफेत भाताचा गोळा होणार, मग काहीही करून उपयोग नाही. लगेच चाळणीत ओतून वरून गार पाणी फिरवायचं, म्हणजे शिजणं तिथेच थांबतं.

आता तळ. चिमूटभर केशर चिमूटभर साखरेबरोबर खलून दोन चमचे गरम पाण्यात भिजवायचं. यातलं निम्मं पाणी, तीन मोठे चमचे घट्ट दही आणि दीड वाटी भात एकत्र कालवायचा. जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवून हा भात तळाशी सारखा दाबून बसवायचा. दह्यातल्या साखरेमुळे आणि प्रथिनांमुळे थराला रंग येतो आणि तो धरूनही राहतो. तेलात काटकसर केली तर थर चिकटतो, एवढं नक्की. उरलेला भात वर हलक्या हातानं, मधे उंच आणि कडेला उतरता रचायचा, चमच्याच्या दांड्यानं पाच-सहा भोकं पाडायची, म्हणजे वाफ वरपर्यंत पोचते. 8 ते 10 मिनिटं मध्यम आच. वाफ दिसायला लागली की उरलेलं केशराचं पाणी शिंपडून, झाकणाला स्वच्छ फडकं गुंडाळून झाकायचं. फडकं नसेल तर झाकणावरचं पाणी परत भातावर ठिबकतं आणि वरचा भात गिचका होतो. मग अगदी मंद आचेवर 40 मिनिटं. मधे झाकण उघडायचं नाही. उतरवल्यावर पातेल्याचं बूड मिनिटभर गार पाण्यात टेकवलं की थर सुटतो आणि ताटात उपडा करता येतो. एका बाजूनंच करपत असेल तर दोष आचेचा. दर दहा मिनिटांनी पातेलं थोडं फिरवावं.

हमस म्हणजे काबुली चण्याचं मऊ वाटण. त्याचा सगळा मऊपणा सोड्यात आहे. 250 ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवायचे आणि शिजवताना अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालायचा. सोड्यानं चण्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, सालं सुटून वर येतात, फेसाबरोबर ती काढून टाकायची. चणा दोन बोटांत पिठासारखा चुरडला पाहिजे. खाताना शिजलेला वाटणारा चणा हमसला कच्चाच असतो. दुसरी खुबी लसणाची. दोन-तीन पाकळ्या एका मोठ्या लिंबाच्या रसात वाटून दहा मिनिटं ठेवायच्या. आंबटपणामुळे लसणाचा उग्र वास तयार करणारं एन्झाइम थंडावतं आणि चव सौम्य राहते. हा रस गाळून 150 ग्रॅम तहिनीत, म्हणजे तिळाच्या वाटणात, घातला की ती एकदम आवळून घट्ट होते. घाबरायचं नाही, बर्फाचं पाणी चमच्या-चमच्यानं घालत फेटत राहायचं. ती पांढुरकी आणि सैल झाली की मगच चणे आणि मीठ. शेवटी मिश्रण हवं त्यापेक्षा थोडं पातळच ठेवावं, गार झाल्यावर ते आळतं.

रोमच्या काचो ए पेपेत तीनच गोष्टी: पास्ता, पेकोरिनो चीज, मिरी. आणि तरीही चीजचे गोळे होतात, कारण उकळतं पाणी. साधारण 65 अंशांच्या पुढे चीजमधली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. 200 ग्रॅम पास्ता नेहमीपेक्षा कमी, दीड लिटर पाण्यात शिजवावा, म्हणजे पाण्यात स्टार्च भरपूर उतरतो आणि तोच चीजला सांभाळतो. 80 ग्रॅम अगदी बारीक किसलेलं चीज कोमट केलेल्या या पाण्यात कालवून आधी पेस्ट करायची. पास्ता भरडलेल्या, भाजलेल्या मिरीबरोबर परतायचा, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, मग पेस्ट. चीज मुळात खारट असल्यानं पाण्यात मीठ बेतानं.

दाशी म्हणजे जपानी सूपाचं मूळ पाणी. तिला वेळ लागत नाही, फक्त लक्ष लागतं. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवायचं आणि कडेला बारीक बुडबुडे दिसताच कोंबू बाहेर काढायचं. उकळलं तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. याच कोंबूतून किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. एरवी दाशीत सुक्या माशाचे काप पडतात, पण मासे न खाणाऱ्यांनी सुके शिताके मशरूम गार पाण्यात, फ्रिजमध्ये रात्रभर भिजवून ते पाणी यात मिसळावं. चव दुपटीनं खुलते.

मेक्सिकोच्या तोर्तियाचं, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचं, काम आदल्या रात्रीच सुरू होतं. एक किलो सुका मका, तीन लिटर पाणी, 10 ग्रॅम खायचा चुना. दाण्याचं साल नखानं निघेपर्यंत शिजवून रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा आणि वाटायचा. चुन्यामुळेच पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत मागे राहिली आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग पसरला. साध्या मक्याच्या पिठाच्या तोर्तिया लाटताना फाटतात त्याचं कारणही हेच, चुना नसणं. तयार पीठ घ्यायचं असेल तर ‘मासा हारिना’ हे चुन्यात शिजवलेल्या मक्याचंच पीठ घ्यावं, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवावं आणि गोळी दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर आणखी चमचाभर पाणी लावावं.