मोठ्यांच्या इंग्रजी वर्गाला विषय शोधताना: माझा अनुभव

मोठ्या माणसांच्या इंग्रजी संभाषण वर्गासाठी विषय शोधायचे असतील तर एक आधीच सांगते. विषय सापडतात. ते मंजूर करून घेताना जीव मेटाकुटीला येतो. अजूनही तो फॉर्म डोळ्यांसमोर आला की माझं डोकं तापतं.

नागभीड तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात माझा वर्ग संध्याकाळी भरतो. अंगणवाडी सेविका, आशा ताई, कृषी केंद्र चालवणारे एक भाऊ, निवृत्त गुरुजी, नर्सिंगचा कोर्स करणाऱ्या मुली आणि ताडोब्यात गाइड व्हायचं मनात असलेली पोरं येतात. जागा, फळा, खुर्च्या, नावनोंदणी, सगळं सहज जमलं. अडलं ते बोलण्यापाशी.

ज्या संस्थेमार्फत वर्ग चालतो, तिने छापील विषयसूची दिली होती. आवडती सुट्टी, बर्फातला दिवस, पहिला विमानप्रवास, माझा छंद, लॉटरी लागली तर काय कराल. मी सुट्टीपासून सुरुवात केली. अंगणवाडीताई म्हणाल्या, "मॅडम, धानाले पानी रविवारी बी द्याच लागते. सुट्टी कोनती सांगू?" छंदाच्या दिवशी प्रत्येकाने तीन वाक्यं म्हटली आणि सभागृह शांत झालं. कोणाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. गुरुजींचं व्याकरण तर माझ्यापेक्षा पक्कं आहे. पण छंदावर कोण कोणाशी भांडणार? समोरच्याला पटवायचं काही नव्हतं, त्याच्याकडून कळून घ्यायचंही काही नव्हतं. माणूस मोडक्यातोडक्या भाषेत धडपडतो ते त्याला काहीतरी सांगायचंच असतं म्हणून.

मग मी आमचे विषय काढले आणि इथून तो फॉर्म सुरू झाला.

सूचीबाहेरचा विषय घ्यायचा तर 'विषय बदल प्रस्ताव' भरावा लागतो. उद्देश, अपेक्षित शब्दसंग्रह, अपेक्षित परिणाम, विषय संवेदनशील आहे की नाही, शेवटी सही-शिक्का. हे सगळं कागदावर एकदा आणि त्यांच्या पोर्टलवर पुन्हा एकदा. मी पहिला प्रस्ताव दारूबंदीचा पाठवला. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी लागली आणि 2021 मध्ये उठली. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. म्हणजे आमच्याकडच्या माणसांनी बंदीआधीचं गाव पाहिलं, बंदीतलं पाहिलं, बंदी उठल्यावरचंही पाहिलं, आणि नदी ओलांडली की वेगळा कायदा हे त्यांना रोजचं आहे. वर्गासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. प्रस्ताव परत आला. शेरा होता: 'विषय स्थानिक स्वरूपाचा आहे.'

फोन केला तर म्हणाले, "मॅडम, इंग्रजी शिकवायचं म्हणजे ग्लोबल विषय पाहिजेत." मी विचारलं, आमच्या आशा ताईंना बर्फावर बोलून काय मिळणार? पलीकडून उत्तर आलं की सूची तज्ज्ञांनी केली आहे. मी पुन्हा भरला. तो शिक्का पुसट आहे म्हणून परत आला. पुन्हा पाठवला, तर फाइल ज्यांच्याकडे होती ते साहेब रजेवर. पोर्टलवर 'प्रलंबित' हा शब्द रोज तसाच. त्या काळात वर्गातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दिवसभर राबून, घरचा स्वयंपाक उरकून बाई संध्याकाळी इंग्रजी बोलायला येते आणि आपण तिला 'विषय प्रलंबित आहे' म्हणून पुन्हा लॉटरीचा धडा द्यायचा! कार्यालयातल्या एकाही माणसाने एकदा तरी येऊन वर्गात बसायला हवं होतं.

सुटका त्याच फॉर्मच्या मागच्या पानावर होती. तिथे बारीक अक्षरात विषयांचे प्रकार दिले होते: कायदा आणि समाज, पर्यावरण, विज्ञान आणि संशोधन, कला आणि मनोरंजन. तपासणारा माणूस शीर्षक आणि प्रकार जुळतात का एवढंच बघतो, हे माझ्या लक्षात आलं. दारूबंदीचं शीर्षक मी केलं 'एखाद्या कायद्याचे फायदे आणि तोटे', प्रकार कायदा आणि समाज. मंजूर! शीर्षक खरंच होतं, धडाही तोच होता. तुम्हीही अशीच कुठली सूची सांभाळत असाल तर फॉर्म पुढून भरायच्या आधी मागून वाचा.

दारूबंदीचा तास मी कधी विसरणार नाही. कृषी केंद्रवाले भाऊ म्हणाले, बंदीत दारू थांबली नाही, चोरून आली आणि महाग झाली. तोवर तोंड न उघडलेल्या आशा ताई उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "नो भाऊ, यू आर राँग." पुढे त्या थांबल्याच नाहीत. बंदीआधी काय होत असे, बंदीत काय बदललं, आता काय चाललंय. भूतकाळ आणि वर्तमानकाळ दोन्ही न शिकवता आले. चुका झाल्या. मी मध्ये बोलले नाही, वहीत टिपल्या आणि शेवटी कोणाचं नाव न घेता फळ्यावर लिहिल्या. मोठ्या माणसाला चारचौघांत अडवलं की तो पुन्हा बोलत नाही, म्हणून हे पाळाच.

दुसरा विषय एचएमटी तांदळाचा. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतातली वेगळी दिसलेली लोंबी निवडून, जपून, पुन्हा पुन्हा पेरून हे वाण काढलं. तेव्हा एचएमटी घड्याळाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, तेच तांदळाला मिळालं. 2018 मध्ये ते गेले. त्यांचा तांदूळ दूरदूर पिकला, त्यांच्या घरात मात्र शेवटपर्यंत पैशाची ओढाताण होती. प्रश्न साधा ठेवला: बियाणं कोणाचं, शोधणाऱ्याचं की पेरणाऱ्याचं? हा 'विज्ञान आणि संशोधन' मध्ये बसला. बियाणं विकणारे भाऊ एका बाजूला आणि धान लावणाऱ्या बाया दुसऱ्या बाजूला. 'असं झालं असतं तर' या धर्तीची वाक्यं मला फळ्यावर मांडावीच लागली नाहीत, ती वादातूनच आली.

विषय पारखायची माझी रीत इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. आदल्या दिवशी वर्गातल्या दोघांना तो विषय मराठीत सांगून बघायचा. दोघांचं एकच मत निघालं तर विषय सोडून द्यायचा. वाद लागला तर त्यांनी मराठीत वापरलेले दहा-बारा शब्द टिपायचे आणि त्यांचं इंग्रजी दुसऱ्या दिवशी तास सुरू होण्याआधी फळ्यावर लिहून ठेवायचं. शब्द हाताशी असला की माणूस मराठीकडे वळत नाही. तास सुरू झाला की आधी जोडीजोडीने बोलू द्यायचं, मग सगळ्यांसमोर.

वाघाचा विषय गाइड होऊ पाहणाऱ्या पोरांसाठी घेतला. पर्यटकाला काय सांगाल हे तर होतंच. पण मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईला काय सांगाल, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगल बंद ठेवायचं का, यावर पोरं आणि बाया समोरासमोर आल्या. "जंगलात नाई गेलो तर मुलांच्या शाळेले पैसा कुठून आनू?" हे अंगणवाडीताईंनी आधी मराठीत म्हटलं, मग सगळ्यांनी मिळून इंग्रजीत केलं. या विषयाआधी एक काम नक्की करा. वर्गातल्या कोणाच्या घरी वाघाने माणूस नेला आहे का, हे आधी बाजूला घेऊन विचारा. असेल तर तो विषय त्यांच्या मर्जीनेच घ्या.

जात आणि पक्ष मी वर्गात आणत नाही. तिथे लोक बोलतात खूप, पण इंग्रजीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांशेजारी बसत नाहीत.

झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचं नाटक दिवाळीनंतर सुरू झालं की वर्ग अर्धा होतो. वडसाच्या कंपन्यांचे प्रयोग गावोगावी रात्रभर चालतात, सकाळी डोळे तारवटलेले. मी त्या दिवसांत वर्ग बंद ठेवत नाही. रात्री पाहिलेल्या नाटकाची गोष्ट, ज्याने ते पाहिलं नाही त्याला इंग्रजीत सांगायची, आणि त्याने शेवट ओळखायचा. गुरुजी या तासाला हटकून येतात. नागपूर–नागभीडची नॅरोगेजवरची छोटी रेल्वेगाडी ब्रॉडगेजसाठी बंद झाली, त्यावरही चांगला तास होतो. म्हाताऱ्यांना ती हवी असते, पोरांना लवकर पोचवणारी हवी असते. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मात्र नवा विषय घेऊच नका. बाया दिवसभर चिखलात वाकून आलेल्या असतात, तेव्हा जुनाच विषय दुसऱ्या बाजूने बोलायला द्या: बंदी हवी म्हणणाऱ्याने नको म्हणून बोलायचं.

आणि फॉर्म पाठवायच्या आधी शिक्क्यासकट दोन्ही बाजूंचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. शिक्का पुसट असल्याचा शेरा पुन्हा आला तेव्हा मी तो फोटोच पाठवला, आणि त्या वेळी मंजुरी त्याच दिवशी मिळाली.