टेलला पाणी पोचलं तेव्हा

मधुमेहासाठी केलेल्या जठराच्या बायपास ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. सकाळी सिस्टरनं बोटाला टोचलं आणि मीटर माझ्याकडं वळवलं. १२८! घरी दिवसाला ५२ युनिट इन्सुलिन घेऊनही सकाळची उपाशीपोटीची साखर दोन वर्षांत दोनशेच्या खाली आली नव्हती, आणि इथं तर आदल्या दिवसापासून इन्सुलिन बंद होतं. वजनाचा काटा मात्र भरती होताना होता तिथंच.

मी सांगलीची. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशेब लिहिते, दिवसभर बसून. मधुमेह सदतिसाव्या वर्षी लागला. नऊ वर्षांत गोळ्या वाढत गेल्या, मग इन्सुलिन आलं, भूक वाढली, वजन वाढलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी १०.२ आला त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसले. त्या रात्री ह्यांना म्हटलं, "मिरजेला जाऊन ऑपरेशनचं विचारून तरी येऊ."

डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. "ताई, जेवण पोटात गेलं की आतडं रक्तात हार्मोन सोडतं. साखर येतेय, इन्सुलिन सोड, असा तो स्वादुपिंडाला निरोप. त्यातल्या जीएलपी-१ नावाच्या हार्मोनच्या पेशी लहान आतड्याच्या शेवटाकडं जास्त असतात. आपलं जेवण बरंचसं वरच्या वरच शोषलं जातं, खालपर्यंत थोडंच पोचतं."

हे पटकन म्हणाले, "म्हणजे टेलच्या रानागत." ह्यांचं रान कवठे महांकाळकडं, म्हैसाळच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. वरच्यांनी पाणी धरलं की शेवटच्याला ओलही लागत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

बायपासमध्ये जठराचा लहानसा कप्पा ठेवतात आणि लहान आतडं थोडं पुढं कापून तिथून थेट त्याला जोडतात. जठराचा मोठा भाग आणि आतड्याची सुरुवात अन्नाच्या वाटेतून बाजूला पडते. पाचकरस त्या बाजूनं येऊन खाली मिसळतात. अन्न टेलला लवकर पोचतं, आणि जेवल्यावर जीएलपी-१ पूर्वीच्या कितीतरी पट वाढतं. आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जाण्यालाही महत्त्व असावं. २००४ मध्ये फ्रान्चेस्को रुबिनो यांनी लठ्ठ नसलेल्या मधुमेही उंदरांत तेवढाच भाग वगळून साखर सुधारल्याचं दाखवलं होतं. हे मी पुढं शोधून वाचलं. पोट बारीक केलं म्हणून साखर गेली, असं लोक म्हणतात तेव्हा मला राहवत नाही, मी सगळं चित्र काढून दाखवते.

तपासण्यांत पंधरवडा गेला. एंडोस्कोपी, हृदयाची सोनोग्राफी, आणि सी-पेप्टाइड. ही शेवटची रक्ताची तपासणी माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन अजून बनवतंय का, ते तिच्यावरून कळतं. तेच संपलं असेल तर आतड्यानं कितीही निरोप धाडले तरी ऐकायला कुणी नसतं. माझं बनत होतं.

अडलं ते पैशाला. माझी उंची १५५ सेंटीमीटर, वजन ८१ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३३.७. आशियाई माणसांत साखर आटोक्यात येत नसेल तर २७.५ पासूनही या ऑपरेशनचा विचार करावा, असं २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. विम्याची अट मात्र मधुमेह असला तरी किमान ३५ ची. डोळ्यांत रक्त उतरलंय, तरी तीन किलो कमी पडतात म्हणून दावा बसत नाही! याचा राग मला आजही येतो. शेवटी पाटल्या तारण ठेवल्या.

आधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, यकृत आकसावं म्हणून. ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, दुखलं आणि थांबलं.

तिसऱ्या दिवशीच्या त्या १२८ वर मीच शंका काढली. "डॉक्टर, घोटघोट पाणी पितेय, साखर उतरणारच की." ते म्हणाले, "बरोबर आहे. पहिल्या दिवसांतला मोठा वाटा उपासाचाच. आतड्याचं काम जेवायला लागल्यावर दिसेल." आणि तसंच झालं. दीड महिन्यानं मऊ भात आणि मुगाचं वरण खाऊन दोन तासांनी तपासलं, १३६. पूर्वी एवढ्यावर तीनशे व्हायची. सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.१, एकही गोळी नाही. वजन तेव्हा ६५.

या हार्मोनचा झटकाही सोसलाय. दुसऱ्या वर्षी होळीला जाऊबाईंनी आग्रह केला म्हणून अर्धी पुरणपोळी गुळवणीत बुडवून खाल्ली. दोन तासांनी घाम, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी. मीटरवर ५४. गोड भर्रकन खाली उतरलं, हार्मोन उसळलं, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटलं. ह्यांनी साखरपाणी पाजलं तेव्हा भान आलं. त्यानंतर गोड सुटलंच. आता जेवणात आधी उसळ नाहीतर अंडं, भात शेवटी.

दुसरी चूक माझीच. बरं वाटतंय म्हणून बी-१२ चं इंजेक्शन आणि लोहाच्या गोळ्या सात-आठ महिने टाळल्या. तळपायांना मुंग्या आल्या, मधुमेहाच्या असतील म्हणून अंगावर काढल्या, पण निघालं बी-१२ कमी. बायपासनंतर ते नीट शोषलं जात नाही, जन्मभर घ्यावं लागतं.

चौथ्या वर्षी एचबीए१सी ६.७ झाला आणि मेटफॉर्मिनची गोळी पुन्हा सुरू झाली. रडले त्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, "नऊ वर्षांचा जुना मधुमेह, त्यात इन्सुलिनवर गेलेला. परत डोकावतो तो." पण इन्सुलिन अजून नाही, आणि पडद्यावर नवे ठिपके नाहीत.

परवा तासगावची नणंद विचारत होती, "वहिनी, मीपण करून घेऊ का?" तिचा बीएमआय २४, मधुमेह दोन वर्षांचा. तिच्या गोळ्यांचा डबा उघडला तर टेनेलिग्लिप्टिन निघाली. तिला म्हटलं, अगं, आतड्यातून सुटलेलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं मोडतं. ही गोळी ते मोडणाऱ्या एन्झाइमला अडवते. तुझ्या टेलला पाणी पोचतंय का ते आधी या गोळीवर बघ, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी करून मला फोन कर.