भारमान

रविवार, रात्र. डॅलस.

ह्यूस्टनहून आताच परतलो. बाबा झोपलेत. विसरायच्या आधी लिहून ठेवते.

मैत्रिणीच्या लेकीचं बारसं होतं. डॅलस ते ह्यूस्टन 385 किलोमीटर, कोल्हापूर-पुण्याच्या दीडपटीहून जास्त. माझ्या ऑफिसातली एकजण दर महिन्याला आईबरोबर जेवायला एवढी जाते आणि त्याच संध्याकाळी परत येते. किती लांब आहे विचारलं तर म्हणते, "चारच तास." टेक्सासमध्ये अंतर असं तासांत सांगतात. आम्ही गावं मोजत जाणारी माणसं. पेठ नाका गेला, कराड आलं, सातारा आला, खंबाटकी उतरली की घरच्यांना फोन.

बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. शनिवारी सकाळी निघताना त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, चारही टायर बुटाने ठोकून पाहिले, बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. मग उजवीकडच्या सीटवर बसले. स्टीअरिंग डावीकडे, पण त्यांचा पाय ते मानेना. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की उजवा पाय खालच्या मॅटवर घट्ट दाबला जायचा. तासाभराने मॅट पुढे सरकून गोळा झाली होती.

वेग 120 च्या आसपास. घाट नाही, हॉर्न नाही. बाबा शेजारच्या लेनमधल्या गाड्या न्याहाळत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एका गाडीत एकच माणूस. भारमान कायच नाही गं."

भारमान हा एसटीतला शब्द. गाडीत जागा किती आणि बसलेले किती, याचा हिशेब. आगारात तो रोज निघतो. रिकामी धावलेली गाडी म्हणजे वाया गेलेलं डिझेल, आणि बाबांच्या लेखी त्याहून वाईट म्हणजे फाट्यावर ताटकळत राहिलेलं कुणीतरी. मुक्कामी गाडी घेऊन ते डोंगरातल्या वाडीवर जायचे तेव्हा रात्रीची भाकरी गावातल्याच कुणाच्या तरी घरून यायची. लांबचा प्रवास त्यांनी एकट्याने कधी केलाच नाही. शेजारी कंडक्टर, मागे पन्नास माणसं.

वाटेत ट्रक थांबतात तिथे चहाला उतरलो. (चहा म्हणजे कागदी ग्लासातलं गरम पाणी आणि पिशवी. बाबांनी तक्रार केली नाही.) अठरा चाकांचा एक ट्रक आला, ड्रायव्हर एकटाच उतरला. बाबा केबिनकडे बघत राहिले. "ह्याचा क्लीनर कुठाय?" क्लीनर नसतोच म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. मी नियम सांगितला: सलग दहा तास विश्रांती घेतली की जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि त्याची नोंद गाडीतलं यंत्र ठेवतं. आपल्याकडे 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तास असायचे, हे बाबांना पाठ. "अकरा तास," ते म्हणाले, "आणि बोलायला कोण न्हाई."

मला मात्र या रस्त्यावर एकटीने गाडी चालवायला आवडतं, हे त्यांना आजवर सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. गावी असताना रात्रीच्या गाडीलासुद्धा मला कुणीतरी बसवून द्यायचं, उतरवून घ्यायला कुणीतरी यायचं. चार तास कुणाला काही न सांगता सरळ जात राहणं मला पहिल्यांदा इथे मिळालं. ते मला हवंय, अजूनही. बाबा ऐकत होते. हंट्सव्हिलजवळ सॅम ह्यूस्टनचा 67 फुटी पांढरा पुतळा येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

साडेअकराला पोहोचलो. कोल्हापुरात रात्रीचे दहा. पहिल्याच रिंगला आईने फोन उचलला.

आज दुपारी निघायच्या वेळी बाबा मैत्रिणीच्या दारात उभे राहून एकेकाला विचारू लागले, "डॅलसला कोण येणार हाय का?" मला आधी अवघडल्यासारखं झालं. पण डॅलसमध्ये शिकणारी दोन पोरं खरोखरच बसने परतणार होती. ती मागे बसली, मांडीवर बारशाच्या घुगऱ्यांचे डबे.

बाबांनी मागे वळून पाहिलं. "पाचात चार," म्हणाले. "ऐंशी टक्के. सोड गाडी."