काढा पण औषधच हाय की

डॉक्टर विचारतात, दुसरं काही औषध चालू आहे का, आणि आमच्याकडचे पेशंट छातीठोकपणे नाही म्हणतात. खोटं बोलत नाहीत बरं का, काढा, चूर्ण, पाल्याचा रस हे ते औषधात धरतच नाहीत.

आमच्या खानापूरच्या मामांचं तेच झालं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढतं ते, वाढलेलं, बीपीला टेल्मिसार्टन चालू, आणि कुणीतरी बाजारातनं पुनर्नव्याचं चूर्ण आणून दिलेलं, सूज उतरते म्हणून. उतरली पण थोडी, त्यामुळं विश्वास आणखीच बसला. मग पाय उचलवेनात म्हणून बेळगावला नेलं तर पोटॅशियम 6.4, जे साधारण पाचच्या आत पाहिजे. नर्सनं आधी कन्नडमध्ये, मग मराठीत विचारलं, काय काय घेताय? मामा गप्प. मामींनी पिशवीतनं पेपरात बांधलेली पुडी काढली, त्यावर ना नाव ना तारीख. "हा नुसता पालाच हाय की हो," म्हणाल्या.

तर पुनर्नव्यात मुळात पोटॅशियम भरपूर, टेल्मिसार्टनमुळं ते शरीरात अडकून राहतं, आणि किडनी थकलेली असली की बाहेर टाकणार कोण? हृदयाचे ठोकेच बिघडतात, आणि कधीकधी त्याआधी माणसाला काही कळतही नाही.

घशासाठी सारखा जेष्ठमध चघळला तर बीपी वाढतं, पाणी साठतं, बीपीची गोळी घेऊन उपयोग शून्य. डायलिसिसवाल्यानं कमरख (स्टार फ्रूट) खाल्लं तर उचकी थांबत नाही, भ्रम होतो, झटके येतात, जीवही गेलेत. किडनी बदललेल्यांनी तर पपनसापासनं पण लांब राहावं, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं टॅक्रोलिमस हे औषध रक्तात वर जाऊ शकतं. आणि "ह्या असल्या गोष्टी फक्त आपल्याकडंच" असं म्हणणाऱ्यांसाठी, ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या वनस्पतींच्या गोळ्यांनी कित्येक बायकांच्या किडन्या गेल्या, 1993 साली ते छापून आलं. त्यातली अ‍ॅरिस्टोलोचिया ही वनस्पती आपल्या ईश्वरीच्या वेलाच्याच कुळातली.

पण सगळा दोष पेशंटचा नाही. काढ्याचं नाव काढलं की काही डॉक्टर असे वसकन अंगावर येतात की पुढच्या वेळी कोण कशाला सांगेल. मामांच्या आताच्या डॉक्टरांनी मात्र काढा घेता का असं विचारलंच नाही, सरळ म्हणाले, "मामा, काढा कुठला कुठला घेता?" मामांनी घडाघडा चार नावं सांगितली, त्यातली दोन मामींनाही माहीत नव्हती.