आमची वाटचाल: बियांतून मेपल

माझं माहेर लांज्याजवळचं. अण्णांची आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी होती, त्यामुळे खुंट, कलमकाडी, हापूस, रायवळ हे शब्द शाळेत जायच्या आधीच कानावर पडले. लग्नानंतर अमेरिकेत ओरेगनला आले आणि काही वर्षांनी विलामेट खोऱ्यात भाड्याच्या दोन एकरांवर आम्ही दोघांनी जपानी मेपल या शोभेच्या झाडाची नर्सरी सुरू केली. या खोऱ्यात हिवाळा ओला असतो, पण फार कडक नसतो. मेपलला तो मानवतो.

जपानमध्ये या झाडाला इरोहा-मोमिजी म्हणतात. पानाची सात बोटं मोजताना 'इ-रो-हा-नि-हो-हे-तो' ही तिथली जुनी मुळाक्षरं म्हणत, म्हणून ते नाव.

पहिल्या वर्षी आम्ही एका व्यापाऱ्याकडून सुकवलेलं बी आणलं आणि मार्चमध्ये थेट ट्रेमध्ये पेरलं. चाळीस ट्रेमधून अकरा रोपं आली. उरलेली माती शेडमागे ओतून दिली. पुढच्या वसंतात त्याच ढिगावर रोपांची दाटी झाली होती! बी मेलेलं नव्हतं, त्याला एक हिवाळा हवा होता.

तेव्हापासून बी आम्हीच गोळा करतो. ऑक्टोबरमध्ये बियांना असलेले पंख तपकिरी व्हायला लागले की, पूर्ण वाळायच्या आत. वाळलं की वरचं कवच कडक होतं आणि बी वर्षभर अडून बसतं. पंख चोळून काढायचे, दिवसभर पाण्यात भिजवायचं, मग ओलसर पीटमध्ये (दलदलीत कुजलेल्या शेवाळाचा भुसा) मिसळून पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. चार अंश सेल्सिअसच्या आसपास, साधारण शंभर ते एकशेवीस दिवस. पीट मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. जास्त ओल झाली की बुरशी. पिशवीत पांढरी मुळं डोकावली की पेरणी. पुढचे काही आठवडे मी पाण्याच्या बाबतीत फार कडक असते, कारण कोवळं रोप जमिनीलगत कुजून एका रात्रीत आडवं होतं.

बियांतून आईसारखं झाड मिळेल याची खात्री नसते. लाल पानांच्या झाडाचं बी पेरलं तरी काही रोपं लाल, काही हिरवी, काही मधल्याच रंगाची. बियांतून उगवलेल्या आंब्यासारखे हे सगळे रायवळ! नावाची जात हवी तर कलमच बांधावं लागतं. म्हणून जोमदार हिरवी रोपं आम्ही खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळांचं रोप, म्हणून ठेवतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत हरितगृहात त्यांवर कलमं बांधतो. बाकीची रोपं बियांची म्हणूनच विकतो, ग्राहकाला तसं स्पष्ट सांगून. बोन्साय करणारे ती आवडीनं नेतात, कारण खोडावर जोडाची खूण नसते.

28 जून 2021 ला पोर्टलंडमध्ये पारा 46.7 अंशांवर गेला. आमच्याकडेही पानं कागदासारखी करपली. सावलीच्या जाळीखालची लहान रोपं तेवढी तगली. करपलेल्यांपैकी बरीच ऑगस्टमध्ये पुन्हा फुटली, पण दोनशेच्या वर रोपं आम्ही गमावली.

त्यातूनच वाचलेल्या एका रोपाच्या पानांना वसंतात गुलाबी कड येते. अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर म्हणाले, "कलम बांधून बघ, घाई करू नकोस." सहा कलमं बांधली आहेत. अजून दोन वसंत कड टिकली, तर नाव ठेवू.