मेलं कोण बे‽

कॉलेजची पोरं एकांकिकेचं पोस्टर करून घ्यायला सोलापूरच्या नव्या पेठेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात आली, तेव्हा हुतात्मा स्मृती मंदिरातला प्रयोग अगदी तोंडावर आला होता. एकांकिकेचं नाव ‘मेलं कोण बे’. पुढं प्रश्नचिन्ह टाकू की उद्गारचिन्ह, असं विचारलं, तर लेखक पोरगा म्हणाला, “काका, दोन्ही. पण एकातच.” आणि मोबाईल पुढं केला: ‽.

याला म्हणे इंटरोबँग म्हणतात. न्यूयॉर्कात जाहिरात एजन्सी चालवणाऱ्या मार्टिन स्पेक्टरनं १९६२ साली ते सुचवलं. जाहिरातीत आश्चर्यानं सवाल टाकायचा आणि शेवटी दोन चिन्हं शेजारी उभी करायची, हे त्याला बेढब वाटायचं. अमेरिकाना नावाच्या टाइपात ते १९६६ साली आलं, १९६८ साली रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर त्याची कळसुद्धा मिळू लागली. पुढं हौस ओसरली. पोरानं हे सगळं पाठ करून आणलेलं. अभ्यासाचं तेवढं पाठ असतं का, कोण जाणे.

माझ्या मराठी फाँटात ते कुठलं असणार? नुसती चौकोनी डबी उमटली. इंग्रजी फाँटातलं आणून लावलं, तर जाड मराठी अक्षरांशेजारी ते अगदी उपाशी दिसायला लागलं. मग कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवायलाच बसलो. प्रश्नचिन्हावर उद्गारचिन्ह ठेवलं, दोन्ही सिलेक्ट करून मध्य जुळवायला सी दाबलं, टिंबावर टिंब बसवलं. खरी गंमत इथंच आहे, टिंब दोघांत एकच! पण उद्गारचिन्हाची दांडी प्रश्नचिन्हाच्या आकड्याच्या पोटात शिरली आणि मधली पांढरी जागा बुजली. दांडी बारीक केली, आकडा रुंद केला, नोड ओढून ओढून डोळे दुखले, तेव्हा कुठं वेल्ड मारून दोन्ही एकजीव केली. फ्लेक्सवर झकास उठून दिसलं. तेच तिकिटावर घेतलं, तर शाईचा डाग पडल्यासारखं. पुस्तकांत हे का रुळलं नाही, याचं एक कारण मला तरी तिथं दिसलं. जाहिरातवाल्याचं चिन्ह ते, मोठ्या अक्षरातच शोभायचं.

प्रूफं बघायला येणारे आमचे निवृत्त सर चिडले. “मराठीत ही नसती थेरं कशाला?” मी म्हटलं, “सर, प्रश्नचिन्ह तरी आपलं कुठंय? मराठीत विरामचिन्हं रुळवणाऱ्या इंग्रज मेजर कँडीच्या काळात इंग्रजीवरूनच आलं ना. पोथ्यांत दंडावरच, म्हणजे नुसत्या उभ्या रेघेवरच भागायचं.” सर काही बोलले नाहीत. पोस्टरवरची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, मग सूर बदलून पुन्हा वाचली आणि म्हणाले, “असू दे.”

प्रयोगानंतर एक कार्यकर्ता आला, भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊन. ‘नाद करायचा नाय’च्या पुढं त्याला तेच चिन्ह हवं होतं.

“अहो, यात प्रश्न कुठंय?”

“नसू दे की. दिसतंय भारी.”

लावून दिलं.